अफूचे प्रकरण आणि शस्त्रक्रियेची वेदना

गांधीजींचे आरोग्यावरचे छोटे पुस्तक एका बैठकीत वाचून होते. मूळ गुजरातीत त्याचे नाव ‘आरोग्यनी चावी’, इंग्रजीत ‘की टु हेल्थ’. येथे आपण त्याला ‘आरोग्याची किल्ली’ म्हणू. 1942 च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना गांधीजींनी ते लिहायला घेतले आणि डिसेंबरमध्ये पुरे केले. हवा, पाणी, आहार, मसाले, चहा-कॉफी, मादक पदार्थ, अफू, तंबाखू असा पहिल्या भागाचा क्रम आहे. दुसऱ्या भागात माती, पाणी, सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने करायचे उपचार आहेत.

आम्ही येथे संपूर्ण पुस्तकाचे परीक्षण करणार नाही. निसर्गोपचारावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्ही फक्त अफूचे प्रकरण घेतो. ते जेमतेम दोन पानांचे आहे. पण शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी अफूपासून मिळणारी औषधे किती वापरावीत, हा जो वाद आज जगभर चालू आहे, तो समजून घ्यायला ही दोन पाने उपयोगी पडतात. शिवाय वर्धा जिल्ह्यातील शिक्षकाला ती टाळून पुढे जाता येत नाही. सेवाग्रामचा वारसा सांगणारा आणि 1970 च्या दशकापासून दारूबंदी असलेला हा जिल्हा आहे. नशेचा विषय येथे वर्गात निघतोच.

प्रकरण काय सांगते?

गांधीजी आधी दारूची आणि अफूची तुलना करतात. दारू माणसाला दांडगाई करायला लावते, अफू त्याला सुस्त करते, असा त्यांचा मुद्दा आहे. ओरिसा आणि आसाममध्ये अफूने केलेली हानी ते सांगतात. मग चीनकडे वळतात. चीनला नको असलेली अफू इंग्रजांनी युद्ध करून त्याच्या गळ्यात मारली, आणि या व्यापारात हिंदुस्थानातील मक्तेदारांनीही हात धुऊन घेतले, हे ते स्पष्टपणे लिहितात. स्वतःच्या देशबांधवांचा दोष न झाकणे हा या प्रकरणाचा गुण आहे.

प्रकरणाच्या शेवटी मात्र एक वळण येते. औषधशास्त्रात अफूचे स्थान वादातीत आहे, औषध म्हणून तिच्यावाचून चालणारच नाही, असे ते मोकळेपणाने मान्य करतात; आणि तरीही नशेसाठी तिचा वापर कडकपणे बंद करावा, असे सांगून थांबतात. साध्या डोकेदुखीवर मातीची पट्टी सुचवणारा, औषधांच्या बाटल्यांविषयी साशंक असलेला लेखक हे लिहितो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

त्यांचा स्वतःचा अनुभव शस्त्रक्रियेपासून दूर नव्हता. येरवड्याच्या तुरुंगात असताना 12 जानेवारी 1924 रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. क्लोरोफॉर्मची भूल होती. मध्येच वीज गेली आणि काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. पण या पुस्तकात शस्त्रक्रियेच्या वेदनेवर प्रकरण नाही.

प्रकरणात काय नाही?

आमची पहिली तक्रार अशी की, अफूवाचून औषधशास्त्राचे चालणार नाही हे वाक्य कारण न देता येते. व्यसनाची हानी उदाहरणांनी सांगितली आहे, औषधाची गरज मात्र नुसती मान्य केली आहे. वाचकाच्या मनात उदाहरणे राहतात, नुसती मान्यता राहत नाही. म्हणूनच आपल्या शाळांच्या फलकांवर ‘अफू, गांजा, चरस’ अशी एका ओळीतली नावे दिसतात आणि दुसरे वाक्य कोठेच दिसत नाही.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. प्रकरणात पदार्थाचा विचार आहे, मात्रेचा नाही. विष आणि औषध यांतला फरक ‘किती’, ‘किती दिवस’ आणि ‘कोणाच्या देखरेखीखाली’ या तीन प्रश्नांत असतो. ते प्रश्न विचारले नाहीत, तर अफू चांगली की वाईट एवढाच वाद उरतो आणि त्याला उत्तर नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे या दोन पानांत वेदना नाही. अफू आहे, व्यसनी माणूस आहे, व्यापारी आहे, सरकार आहे. पण ज्याच्यासाठी हे औषध अटळ ठरते, तो दुखणारा माणूस नाही. तो आपण आणून बसवला पाहिजे.

दुखण्याचा प्रवास

समजा, पोटावर शस्त्रक्रिया झाली आहे. जेथे चीर दिली, तेथील पेशींतून प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायने बाहेर पडतात. ती तेथील चेतातंतूंची टोके संवेदनक्षम करतात. संदेश चेतातंतूंवरून मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तेथून मेंदूकडे. गावातली तक्रार तालुक्याला जावी आणि तालुक्याहून जिल्ह्याला जावी, तसा हा प्रकार आहे. तालुक्याच्या कचेरीत तक्रार दाबली जाऊ शकते किंवा वाढवूनही पाठवली जाऊ शकते. मज्जारज्जूत असेच घडते, असे मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडले. त्यांच्या मांडणीतील तपशील पुढे बदलले, पण वेदनेचा संदेश वाटेत कमी-जास्त होतो ही मूळ कल्पना टिकली.

अफूतील मॉर्फिन हे द्रव्य जर्मन औषधविक्रेता सर्ट्युर्नर याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला वेगळे केले. ते शरीरात कोठे काम करते, हे कळायला मात्र 1973 साल उजाडले. मेंदूत आणि मज्जारज्जूत त्याच्यासाठी जणू राखून ठेवलेले ग्राही असतात. 1975 साली शरीर स्वतःच अफूसारखी द्रव्ये तयार करते, हेही कळले. म्हणजे अफू आपल्या शरीरातील एका जुन्या कुलपाला बाहेरून लावलेली चावी आहे.

हेच ग्राही श्वास चालवणाऱ्या केंद्रात आणि आतड्यातही असतात. त्यामुळे मॉर्फिनने वेदना कमी होते, तशी मळमळ होते, उलट्या होतात, शौचाला होत नाही, लघवी अडते, गुंगी येते; मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो आणि माणूस दगावू शकतो. दीर्घकाळ घेतल्यास तेवढ्याच परिणामासाठी जास्त मात्रा लागू लागते, आणि अचानक थांबवल्यास शरीर बंड करते.

मग वेदना सहन करणेच बरे नाही का? असे अनेक घरांत म्हटले जाते, आणि ते चूक आहे. पोटावर किंवा छातीवर टाके असलेला माणूस दुखते म्हणून खोकत नाही, खोल श्वास घेत नाही. कफ साचतो, न्यूमोनिया होऊ शकतो. तो हलत नाही, मग पायाच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. आणि काही रुग्णांत जखम भरल्यावरही वेदना महिनोन्महिने राहते. पहिल्या दिवसांतली तीव्र वेदना हे तिच्याशी जोडलेल्या कारणांपैकी एक आहे. शस्त्रक्रियेनंतर दुखणे सोसणे ही बहादुरी नव्हे, बरे होण्यातला तो अडथळा आहे.

एक पत्र आणि त्याचे वाचन

येथे दुसऱ्या एका मजकुराशी तुलना करावीशी वाटते. जानेवारी 1980 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी नियतकालिकात पोर्टर आणि जिक यांचे केवळ पाच वाक्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. रुग्णालयात अफूवर्गीय औषध मिळालेल्या 11,882 रुग्णांत, ज्यांना आधी व्यसन नव्हते अशांपैकी, व्यसन लागल्याची नीट नोंद फक्त चौघांची सापडली, असे त्यात म्हटले होते. रुग्ण रुग्णालयातले होते आणि औषध तेथील देखरेखीखाली मिळत होते.

पुढे या पत्राचे जे झाले, ते वाचनाच्या इतिहासात नोंदण्यासारखे आहे. ‘रुग्णालयात’ हा शब्द गळाला आणि ‘व्यसन लागत नाही’ एवढेच उरले. 2017 साली त्याच नियतकालिकात या पत्राच्या उल्लेखांची मोजदाद प्रसिद्ध झाली. 608 उल्लेखांपैकी सुमारे 72 टक्क्यांत ते व्यसन क्वचितच लागते याचा पुरावा म्हणून वापरले होते. सुमारे 81 टक्क्यांत रुग्ण रुग्णालयातले होते याचा उल्लेखच नव्हता. 1996 साली ऑक्सिकोडोनची दीर्घकाळ परिणाम करणारी गोळी अमेरिकेच्या बाजारात आली आणि किरकोळ दुखण्यालाही या गोळ्या महिन्या-महिन्याच्या दिल्या जाऊ लागल्या. 2021 साली त्या देशात अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने 80,000 हून अधिक माणसे मेली. यातील बहुतेक मृत्यू आता बेकायदा फेंटानिलचे आहेत. पण या संकटाची सुरुवात डॉक्टरांच्या चिठ्ठीतून झाली होती.

शस्त्रक्रियेचा त्यात वाटा होता. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, आधी या गोळ्या न घेणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे 6 टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटून गेल्यावरही त्या घेत असल्याचे दिसले. शस्त्रक्रिया लहान होती की मोठी, याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे गोळी चालू राहण्याचे कारण केवळ जखमेचे दुखणे नव्हते.

‘आरोग्याची किल्ली’च्या वाचकाने ‘औषध म्हणून अटळ’ हे शब्द गाळले. पत्राच्या वाचकांनी ‘रुग्णालयातील रुग्ण’ हे शब्द गाळले. दोन्ही ठिकाणी अर्धे वाक्य राहिले आणि त्याची किंमत रुग्णांनी दिली. एकीकडे औषध जास्त झाले, दुसरीकडे मिळालेच नाही.

आपल्याकडचे टोक

आपल्याकडे काय झाले ते पाहू. 1985 साली मादक द्रव्यांविषयीचा कायदा आला. त्याचा हेतू चोरटा व्यापार रोखण्याचा होता. पण मॉर्फिन ठेवायला निरनिराळ्या खात्यांचे परवाने लागू लागले, आणि हिशेबातल्या चुकीलाही कडक शिक्षा होऊ शकत होती. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. 1985 ते 1997 या काळात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर सुमारे 97 टक्क्यांनी घसरला. ही घसरण अशा देशातली आहे, जेथे मध्य प्रदेशातील नीमच आणि उत्तर प्रदेशातील गाझीपूर येथे अफूचे सरकारी कारखाने आहेत आणि जो अफू निर्यात करतो.

2014 साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना अत्यावश्यक ठरवून परवान्याची पद्धत सोपी करण्यात आली. उलट, सर्रास विकल्या जाणाऱ्या ट्रॅमाडोलचा दुरुपयोग वाढल्यामुळे 2018 साली ते या कायद्याखाली आणले गेले. दोन्ही निर्णय एकमेकांना विरोधी वाटतात. वस्तुतः ते ‘किती’ आणि ‘कोणाच्या देखरेखीखाली’ याच प्रश्नांची उत्तरे आहेत.

‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या आयोगाने 2017 साली एक तुलना प्रसिद्ध केली. गंभीर आजाराने वेदना सोसणाऱ्या दर रुग्णामागे वर्षाला किती मॉर्फिन उपलब्ध होते? अमेरिकेत सुमारे 55,000 मिलिग्रॅम. भारतात 43 मिलिग्रॅम, म्हणजे गरजेच्या 4 टक्के. हे आकडे केवळ शस्त्रक्रियेचे नाहीत, पण वारा कोणत्या दिशेने वाहतो ते त्यांवरून कळते.

कमी कसे करावे?

आता मूळ वादाकडे येऊ. शस्त्रक्रियेच्या वेळी अफूवर्गीय औषधे कमी वापरावीत, हा विचार चांगला आहे. केवळ व्यसनाच्या भीतीने नव्हे, तर उलट्या, गुंगी आणि मंद श्वास टळावा म्हणूनही. डेन्मार्कचे शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट आणि त्यांचे सहकारी डाल यांनी 1993 साली त्याची दिशा स्पष्ट केली. वेदनेच्या वाटेवर जितकी ठाणी, तितक्या ठिकाणी थोडे थोडे अडवावे. जखमेपाशी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी दाहशामक औषधे प्रोस्टाग्लँडिन कमी करतात. चेतातंतूभोवती ब्युपिव्हॅकेनसारखे बधिर करणारे औषध टोचले, तर तेवढा भाग काही तास संदेशच पाठवत नाही. पाठीच्या मणक्यांतून दिलेली भूल मज्जारज्जूपाशी अडवते. त्याला पॅरासिटामॉलची नेमाने दिलेली मात्रा जोडावी. एवढे करूनही जे दुखणे उरेल, त्यासाठी मॉर्फिन किंवा त्याच्या जातीचे औषध, थोडे आणि थोडे दिवस.

सोनोग्राफीच्या पडद्यावर चेतातंतू पाहून सुई नेमक्या जागी नेता येऊ लागल्यापासून ही पद्धत अधिक सुकर झाली आहे. तरी ती आपोआप घडत नाही. दाहशामक औषधे मूत्रपिंड कमजोर असलेल्याला किंवा जठरव्रण असलेल्याला चालत नाहीत. बधिरपणा उतरताना वेदना एकदम उसळते, म्हणून गोळी आधीच सुरू करावी लागते. यासाठी शिकलेला भूलतज्ज्ञ लागतो आणि रात्री येऊन ‘किती दुखते?’ असे विचारणारी परिचारिकाही लागते.

अलीकडे एक पाऊल पुढे टाकून ‘अफूमुक्त भूल’ अशी घोषणा दिली जाते. येथे आम्ही सावध आहोत. 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये 47 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. बहुतांशी लहान आणि मध्यम शस्त्रक्रियांनंतर घरी जाताना अफूवर्गीय गोळ्या दिल्याने वेदना जास्त कमी झाली नाही, उलट्यांसारखे त्रास मात्र वाढले. ही घरी द्यायच्या गोळ्या कमी करण्याची भक्कम बाजू आहे. पण 2021 साली फ्रान्समधील एका चाचणीत, शस्त्रक्रिया चालू असताना अफूवर्गीय औषध पूर्ण वगळून डेक्समेडेटोमिडिन दिलेल्या काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके इतके मंदावले की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. तेव्हा अफूवर्गीय औषध वगळले म्हणून भूल आपोआप सुरक्षित होत नाही. त्याच्या जागी जे येते, त्यालाही मात्रा आणि धोके असतातच.

यश कशाने मोजावे?

आमचा मुख्य आक्षेप येथे आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयाने ‘आम्ही अफूवर्गीय औषधांचा वापर निम्म्यावर आणला’ असे म्हटले, तर त्यात अर्थ आहे, कारण तेथे आधी तो बेसुमार होता. हाच मापदंड जसाच्या तसा आपल्याकडे आणला, तर विचित्र निकाल लागतो. ज्या रुग्णालयात मॉर्फिन नाहीच आणि रुग्ण रात्रभर कण्हत पडतो, त्याचा आकडा सर्वांत चांगला दिसेल. काहीही न करता ते पहिले येईल!

म्हणून मिलिग्रॅमच्या आधी रुग्णाला मोजले पाहिजे. शून्य ते दहामध्ये त्याचे दुखणे किती? तो खोकू शकतो का? दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरला का? रात्री झोपला का? या प्रश्नांची उत्तरे चांगली असतील आणि औषध कमी लागले असेल, तर ते यश. उत्तरेच नसतील, तर कमी औषध हे केवळ दुर्लक्ष आहे.

आष्टी, कारंजा किंवा समुद्रपूर तालुक्यातून हर्नियाच्या किंवा सिझेरियनच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला शेतमजूर वा त्याची बायको ‘दुखते’ असे सहसा मोठ्याने म्हणत नाही. डॉक्टरसाहेबांना त्रास कशाला, असे त्यांना वाटते. आपल्या शिकवणुकीचाही त्यात हात आहे. जेथे औषधाचे नाव केवळ व्यसनाच्या यादीत ऐकले, तेथे ते मागायला लाज वाटणारच. दारूबंदीच्या जिल्ह्यात रोज पिणारा माणूस भूलतज्ज्ञाला ते सांगायला कचरू शकतो. पण दारू आणि अफूवर्गीय औषध दोन्ही श्वास मंद करतात, आणि रोजची दारू अचानक सुटली तर शस्त्रक्रियेनंतर झटके येऊ शकतात. लपवलेली माहिती जिवावर बेतते. नीतीचा धडा असा असावा की, माणूस डॉक्टरला खरे सांगू शकेल.

पुस्तकाविषयी शेवटचे

‘आरोग्याची किल्ली’चे इंग्रजी भाषांतर डॉ. सुशीला नायर यांनी केले. त्या डॉक्टर होत्या आणि आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींसोबत स्थानबद्ध होत्या. 1940 च्या दशकात त्यांनी सेवाग्रामला सुरू केलेल्या छोट्या दवाखान्यातून कस्तुरबा रुग्णालय वाढले आणि 1969 साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. आज तेथे भूलशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अफूवाचून औषधशास्त्राचे चालणार नाही, हे वाक्य ज्यांनी इंग्रजीत आणले, त्यांनीच ते खरे करणारी जागाही उभारली. आम्हाला हे प्रकरणावरचे सर्वांत चांगले भाष्य वाटते.

प्रकरण अपुरे आहे, पण ते आपल्या भित्तिपत्रकांपेक्षा प्रामाणिक आहे. शिक्षकांनी ते वर्गात जरूर वाचावे, मात्र शेवटपर्यंत वाचावे. नववी-दहावीच्या मुलांना दोन स्तंभ करायला सांगावेत: लेखकाने काय सिद्ध केले आणि काय नुसते मान्य केले. मग दुसऱ्या स्तंभातील कारणे मुलांकडूनच शोधून घ्यावीत. आणि ज्यांच्या घरी कोणाची शस्त्रक्रिया व्हायची असेल, त्यांना तीन प्रश्न लिहून द्यावेत: शस्त्रक्रियेनंतर दुखू नये म्हणून काय करणार? घरी दिलेली गोळी कोणती आणि किती दिवस घ्यायची? उरलेल्या गोळ्यांचे काय करायचे? डॉक्टरांना हे विचारण्यात उद्धटपणा नाही, हेही त्याच तासाला सांगावे.